हातांची ओळख

रंगीत पेन्सिलींचा डबा नाही असं घर आपल्याकडे शोधूनही सापडायचं नाही. मुलांच्या वाढदिवसाला हमखास येणारी भेट म्हणजे कंपासपेटी, नाहीतर रंगीत पेन्सिली. पहिले आठ दिवस त्या डब्यात ओळीनं झोपलेल्या असतात. मग हिरवी हरवते, लाल शार्पनरमध्ये संपते. पांढरी मात्र वर्षानुवर्षं तशीच अखंड राहते, कारण पांढऱ्या कागदावर तिचा उपयोग काय हे कुणालाच कळत नाही. मुलं आठवीत गेली की उरलेले तुकडे एखाद्या कान तुटलेल्या कपात जाऊन बसतात आणि दिवाळीच्या साफसफाईत घराबाहेर पडतात. 'चित्रकार' म्हटलं की आपल्याला तैलरंग, कॅनव्हास, ब्रश आठवतात. रंगीत पेन्सिल म्हणजे पोरांचं काम!

आमच्या गावातल्या एका बाईनं या समजुतीला चांगलाच धक्का दिला. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. तिथे मी महिला बचत गटांचं काम पाहते. त्यातल्याच एका गटाची ती सभासद. "लिहायचं तर लिहा ताई, पण माझं नाव छापू नका," असं तिनं मला बजावलंय. गटातल्या बायका तिला 'चित्रवाल्या वहिनी' म्हणतात, मीही तेच म्हणणार. वय पन्नाशीच्या आसपास, नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दोन मुलगे, घरात सासूबाई. २०२३च्या पावसाळ्यापासून २०२४च्या फेब्रुवारीपर्यंत तिनं रंगीत पेन्सिलींनी बारा चित्रांची एक मालिका काढली. बाराही चित्रं हातांची, नुसत्या हातांची. आमच्याच गटातल्या बारा जणींचे हात. आणि ८ मार्च २०२४ला, महिलादिनी, गावच्या वाचनालयात ती तिनं सगळ्यांसमोर मांडली.

वहिनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांना बसली होती. तुमच्यापैकीही अनेकींनी दिल्या असतील. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द अजून आठवत असतील. तिला पुढे एटीडी करून चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. पण बारावीनंतर लग्न झालं आणि ब्रश, रंग सगळं माहेरच्या माळ्यावर राहिलं. पुढची कितीतरी वर्षं दारातली रांगोळी आणि मुलांच्या वहीतलं बेडूक, मोर, फुलपाखरू एवढीच काय ती तिची चित्रकला. मग थोरला मुलगा कॉलेजला गेला आणि त्याच्या कप्प्यातल्या पेन्सिलींचे तुकडे फेकायच्या ऐवजी तिनं उचलून ठेवले.

"रंगीत पेन्सिलच का? जलरंग का नाही?" मी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर मला फार पटलं. ती म्हणाली, "जलरंगाला सलग वेळ लागतो हो. रंग ओला असतानाच काम उरकावं लागतं. मधेच सासूबाईंनी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, की तेवढ्यात कागद वाळतो आणि डाग पडतो. तैलरंगाचा वास घरात चालत नाही आणि तो दिवसदिवस वाळत नाही. पेन्सिलीचं बरं असतं. हाक आली की खाली ठेवायची, परत आलं की होतं तिथून पुढे. कागद काही रुसत नाही."

बाईच्या वाट्याला येणारा वेळ हा असा तुकड्यातुकड्यांचाच असतो, नाही का? दुपारी दोन ते पावणेतीन, रात्री सगळे झोपल्यावर अर्धा तास. वहिनीचं एक चित्र साध्या ए-फोर आकाराचं, पण त्याला वीस ते बावीस तास लागतात. म्हणजे तीस-पस्तीस दुपारी! मधे लग्नसराई येते, पाहुणे येतात, पाणी भरायचं असतं. तरी चित्र पूर्ण होतं, कारण या माध्यमाला खंड पडल्याचा राग येत नाही.

पेन्सिल म्हणजे काय, हेही वहिनीमुळे मला नव्यानं कळलं. शिसपेन्सिलीच्या कांडीत ग्राफाइट आणि माती असते आणि ती भट्टीत भाजतात. रंगीत पेन्सिलीची कांडी भाजत नाहीत, भाजली तर रंगच जळून जातील. तिच्यात रंगाची पूड, भर घालायला पांढरी माती आणि हे सगळं धरून ठेवायला मेण किंवा तेल असतं. म्हणून ती मऊ असते, आणि म्हणूनच एकदा का फरशीवर पडली की आतल्या आत तुटते. मग मुलं शार्पनर फिरवत राहतात आणि टोक पुनःपुन्हा गळून पडतं. आपण शार्पनरला नावं ठेवतो!

आपल्याकडे बहुतेक घरांत कॅमलिनच्या पेन्सिली येतात. ही आपल्या मराठी माणसानं उभी केलेली कंपनी. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरुवात केली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीनं तिच्यात मोठा हिस्सा घेतला, तेव्हापासून नाव 'कोकुयो कॅमलिन' झालं. परदेशात चित्रकारांसाठी खास रंगीत पेन्सिली त्याच्याही बऱ्याच आधीपासून निघतात. जर्मनीच्या फेबर-कॅसल कंपनीनं १९०८ साली काढलेल्या पॉलिक्रोमोस पेन्सिली आजही मिळतात. त्या महाग असतात. वहिनीकडे त्यातल्या मोजून सहा आहेत, धाकट्या मुलानं पुण्याहून सुट्या आणून दिलेल्या. बाकी सगळा कारभार मुलांच्या डब्यातल्या पेन्सिलींवर.

तिची पद्धत बघण्यासारखी आहे. जोर अजिबात द्यायचा नाही. पेन्सिल मागे धरायची आणि कागदावर नुसती फिरवायची, पीठ चाळल्यासारखी. एक थर, त्यावर दुसऱ्या रंगाचा थर, मग तिसरा. आठ-दहा थर होतात तेव्हा कुठे रंगाला खोली येते. पहिल्याच थराला जोर दिला तर कागदाचा खरखरीतपणा मेणानं बुजतो आणि पुढचा रंग चढतच नाही. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा, कारण खोडरबरनं हा रंग पूर्ण निघत नाही. आणि ती बिचारी पांढरी पेन्सिल? तिचं खरं काम सगळ्यात शेवटी! सगळे थर चढले की पांढरी पेन्सिल वरून जोरानं घासायची. खालचे रंग एकमेकांत मिसळतात आणि चित्राला तुकतुकी येते.

आता हातच का? तर ही गोष्ट सुरू झाली गटाच्या मासिक बैठकीत. दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही बसतो. हप्ते गोळा होतात, रजिस्टर फिरतं, एकेक जण सही करते. वहिनी माझ्या शेजारी बसते. तिच्या लक्षात आलं की रजिस्टरवर एकामागून एक हात येताहेत आणि एकाही हाताचं दुसऱ्याशी साम्य नाही. तिनं आधी चेहरे काढायचं ठरवलं होतं. पण बायका तयार होईनात. "तोंड नगं काडू वैनी, घरचे काय म्हणतील?" हा एकच सूर. मग ती म्हणाली, "बरं, हात काढू?" त्यावर सगळ्या हसल्या. "हातात काय हाय बगण्यासारखं? काडा की!"

मला वाटतं, याच वाक्यात सगळं आलं. ज्या हातांवर घर चालतं त्यात बघण्यासारखं काही आहे, हे त्या हातांच्या मालकिणींनाच ठाऊक नव्हतं.

पहिली अडचण आली ती रंगाची. मुलांच्या डब्यात एक पेन्सिल असते, तिला सगळे 'स्किन कलर' म्हणतात. फिकट गुलाबी, पिकल्या पीचसारखी. आमच्या गटात एकीच्याही हाताचा रंग त्या पेन्सिलीसारखा नाही! हा घोळ केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या खडूचं 'फ्लेश' म्हणजे 'कातडी' हे नाव १९६२ साली बदलून 'पीच' करण्यात आलं. आणि जगातल्या वेगवेगळ्या माणसांच्या त्वचेचे २४ रंग असलेली पेटी त्याच कंपनीनं काढली ती थेट २०२० साली. वहिनीनं तिचा रस्ता स्वतःच शोधला. सगळ्यात खाली हळदीसारखा पिवळा, त्यावर विटकरी, मग तपकिरी, आणि सावलीत जांभळा नाहीतर गडद निळा. "हाताला जांभळा?" बायका ओरडल्या. तिनं खिडकीशी हात धरायला लावला, बोटांच्या बेचक्यात बघायला सांगितलं. खरंच जांभळट सावली होती. आयुष्यभर आपलाच हात, पण तो रंग कुणी पाहिला नव्हता.

एकेक चित्राबद्दल लिहायचं तर जागा पुरायची नाही. पण काही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक हात आहे कडक भाकरी करणाऱ्या सभासदाचा. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आता लांबवर जाते, आमच्या भागात कितीतरी गटांचा हा धंदा आहे. दिवसाला शेकडो भाकऱ्या थापून तिच्या तळव्याची कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे आणि बोटांच्या टोकांना तव्याचे चटके बसून बसून पांढुरके ठिपके पडलेत. वहिनीनं ते ठिपके रंगवले नाहीत. रिकाम्या रिफिलनं तिनं आधीच कागदावर तिथे दाबून खड्डे केले. मग वरून पेन्सिल फिरवली की खड्ड्यात रंग जात नाही, ठिपके आपोआप कोरे राहतात. हीच युक्ती तिनं पिठाच्या कणांसाठी वापरली.

दुसरं चित्र ज्वारी काढणाऱ्या बाईचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात मोठे फोटो आले. पण ती ज्वारी माघ-फाल्गुनात उभ्या रानातून मुळासकट उपटतात ते हात कुठे छापून आले नाहीत. पाती कापतात म्हणून बायका हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळतात. चित्रात त्या चिंध्या आहेत, त्यांतून डोकावणारी बोटं आहेत, आणि नखांच्या कडेला काळ्या रानाची माती.

तिसरं कासारणीचं. या एकाच चित्रात दोन हात आहेत. बांगडी चढवताना ती गिऱ्हाइकाचा हात असा काही दाबते, की हाडं जणू जागा करून देतात. कासारणीचा हात सावळा, भक्कम. दुसरा एका नव्या नवरीचा, मेंदीचा. आणि चौथं गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासदाचं. मनगट रिकामं, पण कोपरापर्यंत गोंदण. कातडी सैल पडली तशी गोंदणातली फुलं वाकडीतिकडी झालीत. तो हिरवट निळा रंग जमायला वहिनीला तीन कागद लागले.

आणि आता ती विडीवालीची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला बसले.

सोलापूर म्हटलं की चादरी आठवतात, पण विड्या वळणाऱ्या बायकांचंही हे मोठं गाव आहे. शहराजवळ कुंभारीला या कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, हे अनेकींना आठवत असेल. हे काम आसपासच्या गावांतही चालतं. टेंभुर्णीची पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाचा हिशेब शेकड्यांत आणि हजारांत. सगळं काम अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांवर. वर्षानुवर्षं हेच केलं की त्या बोटांच्या रेषा झिजून जातात.

आता तुम्ही म्हणाल, रेषा झिजल्या तर काय बिघडलं? बिघडतं मैत्रिणींनो, रेशनच्या दुकानात. तिथे मशीनवर अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही. आमच्या या सभासदाचा अंगठा काही केल्या उमटत नव्हता. दुकानदार म्हणायचा, "मावशी, हात धुऊन या." ती हात धुऊन यायची, पदराला पुसून पुन्हा लावायची. मशीन लाल. "उद्या या." दोन महिने तिला धान्याविना परत यावं लागलं. गटात तिनं हे सांगितलं तेही हसत हसत, "माजी वळखच पुसली बगा सरकारनं."

वहिनी त्याच दिवसांत तिचा हात काढत होती. दोन्ही हात समोर पसरलेले, तळवे वर. रंगीत पेन्सिलीचं काम असं असतं, की बोटाच्या पेराएवढ्या जागेवर तासभर नजर ठेवावी लागते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट काढताना तिला रेषा सापडेनात. टोकं काचेसारखी गुळगुळीत, तंबाखूनं पिवळी पडलेली. पण करंगळीशी आली तेव्हा तिथे बारीक, स्पष्ट वळणं दिसली. दोन्ही करंगळ्यांना! कारण विडी वळताना करंगळीला काम नसतं, ती बाजूला नुसती उभी असते. वहिनीनं पेन्सिल ठेवली आणि मला फोन केला. "ताई, मशीनला अंगठाच लागतो का? करंगळी चालत नाही?"

आधार कार्ड काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. त्यामुळे कुठलंही बोट चालायला हवं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदार कुरकुरला, पण लावू दिली करंगळी. पहिल्या वेळी नाही झालं. दुसऱ्या वेळी डाव्या हाताची करंगळी लावली आणि मशीन हिरवं झालं. तिनं त्या करंगळीकडे असं काही पाहिलं, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

(तुमच्या ओळखीत कुणाची अशी अडचण असेल तर दहाही बोटं लावून बघायला सांगा. बोट फार कोरडं असेल तर जरा ओलसर करून पुसून लावायचं. आधार केंद्रावर ठसे नव्यानं घेता येतात. आधारमध्ये डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद असते, त्यावरूनही ओळख पटवता येते. आणि मोबाइल नंबर आधारला जोडून ठेवावा, तोही वेळेला उपयोगी पडतो.)

बारा चित्रं तयार झाली, पण ती नुसती दोऱ्याला अडकवून चालणार नव्हती. रंगीत पेन्सिलीच्या चित्रावर काच थेट टेकली तर रंग काचेला चिकटायची भीती असते. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट लागते. फ्रेमवाल्यानं बारा चित्रांचे नऊ हजार सांगितले. सायकलच्या दुकानातून एवढे पैसे निघणार नव्हते. वहिनीनं गटाकडे कर्ज मागितलं.

बैठकीत गदारोळ झाला! "शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, दवाखान्याला देतो. फोटोच्या चौकटीला कर्ज? त्यातनं काय दूध निघणार हाय?" बोलणारीचं चुकत नव्हतं. गटातला एकेक रुपया कुणाच्या तरी मजुरीतून आलेला असतो. अध्यक्षा माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, गटाचा पैसा आहे, निर्णय गटानं घ्यायचा. बराच वेळ कुणी बोलेना. मग भाकरीवाली म्हणाली, "माझ्या हाताला आजवर कुणी बघितलं न्हाई. नवऱ्यानं बी न्हाई. तिनं महिनाभर बघितलं. शेकडा दोन व्याज लावा, पण द्या." हात वर करून मत घेतलं. सोळापैकी अकरा हात वर आले.

८ मार्चला वाचनालयाच्या हॉलमध्ये चित्रं लागली. त्या वर्षी त्याच दिवशी महाशिवरात्रही होती, त्यामुळे पाहुण्यांना चहा आणि साबुदाण्याची खिचडी. भिंतीवर मात्र बारा नाही, अकराच चित्रं होती. बारावं होतं भाजल्याची मोठी खूण असलेल्या हाताचं. तिनं चित्र काढू दिलं होतं. काढून झाल्यावर बराच वेळ बघतही बसली. पण लावायच्या आदल्या संध्याकाळी ती वहिनीच्या घरी आली आणि म्हणाली, "सगळ्या गावाला म्हाईत हाय हे कसं झालं. भिंतीवर नगं." वहिनीनं एका शब्दानं समजावलं नाही. फ्रेमसकट चित्र कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलं. मला त्या क्षणी वहिनीबद्दल फार आदर वाटला. बावीस तासांची मेहनत होती ती. पण हात तिचा होता.

प्रदर्शनाला दिवसभरात बरीच माणसं आली. काही जणी आपल्या घरातल्यांना ओढून घेऊन आल्या. "वळख बरं माझा हात कुठला?" असा खेळच सुरू झाला. एकीच्या नवऱ्यानं तीन वेळा चुकीचं चित्र दाखवलं. सगळ्या खो-खो हसल्या, तोही हसला, पण नंतर बराच वेळ बायकोच्या चित्रासमोर गप्प उभा होता. विडीवालीच्या चित्राखाली तर तिच्या नातीनं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'माझ्या आजीची करंगळी'.

एक शिकलेले गृहस्थ मात्र जवळ जाऊन म्हणाले, "छान आहे. पण पेन्सिलीचंच आहे होय? म्हणजे पेंटिंग नाही." वहिनीचा चेहरा पडला. मला अशा वेळी गप्प बसवत नाही. अल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानं १५०८च्या सुमारास निळ्या कागदावर नुसत्या जोडलेल्या दोन हातांचं चित्र काढलं. तेही पेंटिंग नाही, शाई आणि ब्रशनं केलेलं रेखाटन. आज ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे आणि जगभर त्याच्या प्रती घराघरांत लावतात. आणि रंगीत पेन्सिलीचंच म्हणाल तर स्वित्झर्लंडची अलॉईझ कोर्बाज. १८८६ साली जन्मलेली. १९१८ साली तिला मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९६४ साली मनोरुग्णालयातच तिचा शेवट झाला. तिथे ती मिळतील त्या रंगीत पेन्सिलींनी, फुलांच्या पाकळ्यांच्या रसानं, कधी टूथपेस्टनंही चित्रं काढायची, आणि कागद पुरेना म्हणून कागदाला कागद शिवून जोडायची. एका डॉक्टरबाईंनी, जॅकलिन पोरे-फोरेल यांनी, तिच्या कामाकडे लक्ष दिलं म्हणून ते टिकलं. आज लोझान शहरातल्या संग्रहालयात लोक तिची चित्रं बघायला जातात. अमेरिकेत तर १९९० पासून केवळ रंगीत पेन्सिलीनं काम करणाऱ्यांची संस्था आहे. तेव्हा माध्यम लहान नसतं, बघणारा त्याला लहान करतो.

दुपारी एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, "हे विकत मिळेल का? किती?" वहिनी गोंधळली. "द्या काय द्यायचं ते," हे आपल्या बायकांचं ठरलेलं उत्तर ओठावर आलंच होतं. तिला बाजूला नेऊन आम्ही हिशेब मांडला. त्या वर्षी आमच्याकडे खुरपणीला बाईची मजुरी दिवसाला तीनशे रुपये. बावीस तास म्हणजे जवळजवळ तीन दिवस, नऊशे झाले. फ्रेमचे साडेसातशे. कागद, पेन्सिली. आणि शाळेपासून शिकलेल्या हाताचं काहीच नाही? शेवटी अडीच हजार सांगायचे ठरले. सांगताना तिचा आवाज थरथरत होता. शिक्षिकाबाईंनी घासाघीस न करता दिले. संध्याकाळपर्यंत तीन चित्रं गेली. ज्यांचे हात विकले गेले त्या तिघींना वहिनीनं आपणहून पाचशे-पाचशे दिले. एकीनं घेतले, एकीनं गटाच्या बचतीत भरले, आणि कासारीण म्हणाली, "मला पैसे नगं, माझ्या सुनेचा हात काढ." विडीवालीचं चित्र विकायला नव्हतंच. ते तिच्या घरात लागलंय, रेशन कार्डाच्या पिशवीशेजारी.

वहिनीनं एक गोष्ट मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना आवर्जून सांगितली, चित्राला ऊन लागू देऊ नका. मुलांच्या पेन्सिलींतले काही रंग उडतात. तिनं त्याची परीक्षाच घेतली होती. एकेका पेन्सिलीचा पट्टा कागदावर ओढून कागद मधोमध कापला. अर्धा कपाटात, अर्धा उन्हाच्या खिडकीत. तीन महिन्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तर गुलाबी जवळजवळ गायब आणि जांभळा फिका! मग त्या पेन्सिली तिनं चित्रातून बाद केल्या आणि सावलीच्या जांभळ्यासाठी त्या सहा महागड्या पेन्सिलींतली एक राखून ठेवली. ज्यांना करून बघायचंय त्यांनी ही परीक्षा आधी घ्यावी.

हो, करून बघा असंच मी म्हणेन. फार काही लागत नाही. चांगला कार्ट्रिज कागद, पिवळी, विटकरी, तपकिरी, निळी, काळी आणि पांढरी अशा सहा पेन्सिली, एक धारदार शार्पनर. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, म्हणजे घामानं चित्र फासणार नाही. पेन्सिल छोटी झाली तर जुन्या पेनच्या नळीत खोचा. आणि समोर एखादा हात घ्या. स्वतःचा डावा हात तर फुकट मिळतो, हलू नको म्हणून सांगावंही लागत नाही. पहिलं चित्र बिघडेल, दुसरंही बिघडेल. वहिनीचीही बिघडली होती. पण चित्र जमो न जमो, अर्धा तास एखाद्या हाताकडे नीट बघितल्यावर त्या माणसाशी आपण पूर्वीसारखं बोलूच शकत नाही, हे मी तिच्या गटात बघितलंय.

चौकटींच्या कर्जाचा शेवटचा हप्ता वहिनीनं २०२४च्या डिसेंबरमध्ये भरला, व्याजासकट, एकही तारीख न चुकवता. गटाच्या कर्ज रजिस्टरमध्ये 'कारण' असा एक रकाना असतो. त्या पानावर वरपासून वाचलं तर शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, दवाखाना, आणि पाचव्या ओळीत सचिवबाईंच्या ठसठशीत अक्षरात 'चित्रांच्या चौकटी' असं लिहिलंय. त्याच्यापुढे इतर चारांसारखाच शिक्का : पूर्ण फेड.